बाहेरचा लाकडी बॉयलर घरातल्या फर्नेसला जोडताना

जानेवारीतली सकाळ होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर अंगणात फूटभर बर्फ, आणि त्या बर्फातून बॉयलरपासून थेट घराच्या भिंतीपर्यंत हातभर रुंदीचा ओल्या गवताचा पट्टा उघडा पडलेला. रात्रीतून कुणी फावड्याने वाट काढली असावी इतका सरळ. त्या पट्ट्याखाली आमचा चर होता. चरात पुरलेल्या नळ्यांमधली उष्णता वर येऊन बर्फ वितळवत होती. त्या हिवाळ्यात घरासाठी जाळलेल्या लाकडाचा मोठा वाटा असा जमिनीत गेला.

आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात राहतो, ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेला. सरोवरावरून येणारे ढग इथे बर्फाचे ढीग ओततात. आमच्या रस्त्यावर गॅसची पाइपलाइन नाही, त्यामुळे हिवाळाभर प्रोपेनचा ट्रक अंगणात येतो आणि बिल ठेवून जातो. ओळखीतली दोन-तीन मराठी कुटुंबं आता अशीच शहराबाहेर चार-पाच एकरांवर घरं घेऊन आली आहेत. मागे झाडं, शेजाऱ्याकडे लाकडी बॉयलर, म्हणून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कोणतं मॉडेल घेऊ?’ मॉडेलचं नंतर बघू. बॉयलर आणि फर्नेस (घरातली हवा तापवणारं यंत्र) यांच्या मधल्या शंभर फुटांत काय करायचं, ते आधी ठरवा. पैसे तिथे वाचतात आणि तिथेच बुडतात.

हे यंत्र म्हणजे नक्की काय

आजोळी तांब्याचा बंब पाहिला असेल, तर अर्धी गोष्ट तुम्हाला कळलेलीच आहे. मधे विस्तव, भोवती पाणी. बाहेरचा लाकडी बॉयलर म्हणजे पोलादाचा अवाढव्य बंब : आत लाकडं जाळायची कोठी, तिच्या भोवती साधारण 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर पाणी, बाहेरून जाड इन्सुलेशन आणि पत्रा. लांबून पाहिलं तर धुराडं असलेली छोटी शेडच वाटते.

बंबापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या. बंबातलं पाणी आपण काढून वापरतो. इथे तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहतं. गरम होऊन घरात जातं, उष्णता देतं, परत येतं. दुसरं, बहुतेक बाहेरचे बॉयलर बंदिस्त नसतात. पाण्याच्या टाकीला वर उघडा व्हेंट असतो, त्यामुळे आत दाब साठत नाही. पाणी उकळलंच तर वाफ व्हेंटमधून निघून जाते. हा त्याचा सुरक्षिततेचा पाया आहे. हा व्हेंट कुणी, कोणत्याही कारणाने, बुच मारून बंद करायचा नाही.

आधी तळघरात जाऊन या

इथे नवीन आलेल्यांची एक गल्लत हमखास होते. घर तापवणाऱ्या कोणत्याही यंत्राला लोक फर्नेस म्हणतात. तळघरात जा आणि यंत्राला काय जोडलंय ते पाहा. पत्र्याचे मोठे चौकोनी डक्ट निघत असतील, तर ती फर्नेस. ती हवा तापवते. तांब्याच्या किंवा लोखंडी नळ्या निघून खोल्यांमधल्या रेडिएटरकडे जात असतील, तर तो बॉयलर. तो पाणी तापवतो. दोन्हींची जोडणी पूर्ण वेगळी असते.

घरातला बॉयलर बंदिस्त असतो, आत दाब असतो. बाहेरचं उघडं पाणी त्यात सोडता येत नाही. मधे प्लेट हीट एक्स्चेंजर लावावा लागतो. पातळ स्टीलच्या पत्र्यांच्या एकाआड एक फटींतून दोन पाणी उलट दिशांनी वाहतात, उष्णता देतात-घेतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. तुमच्याकडे बॉयलर असेल तर खालचा कॉइलचा भाग सोडून द्या. चर, पंप आणि पाण्याचं सगळं तुम्हालाही लागू आहे.

हिशेब

गेल्या वर्षीची प्रोपेनची बिलं काढा आणि गॅलनची बेरीज करा. समजा 900 गॅलन झाले. एका गॅलनमध्ये सुमारे 91,500 बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता असते, आणि फर्नेस 90 टक्के कार्यक्षम धरली तर घराला वर्षाला साधारण 7 कोटी 40 लाख बीटीयू लागले.

लाकूड इथे कॉर्डवर विकतात. कॉर्ड म्हणजे 4 फूट उंच, 4 फूट रुंद, 8 फूट लांब रास, 128 घनफूट. (‘फेस कॉर्ड’ नावाने विकतात ती रास याच्या जेमतेम एक तृतीयांश असते, भाव ठरवताना हे विचारून घ्या.) मेपल, अॅश, ओक यांच्या वाळलेल्या कॉर्डमध्ये दोन ते अडीच कोटी बीटीयू असतात. बॉयलरची कार्यक्षमता आणि वाटेतली गळती वजा जाता घरात सव्वा ते दीड कोटी पोचले तरी चांगलं. म्हणजे पाच-सहा कॉर्ड. जुन्या धाटणीच्या, धुमसणाऱ्या बॉयलरला याच्या दुपटीच्या आसपास लागतात. सहा कॉर्ड म्हणजे जवळपास दहा टन लाकूड : तोडायचं, फोडायचं, रचायचं, आणि थंडीत दिवसातून दोनदा जाऊन भरायचं. घरात हे काम करणारी माणसं आहेत का, त्यांची पाठ काय म्हणते, याचा विचार इथेच करा. दारात नैसर्गिक गॅसची लाइन असेल तर माझं स्पष्ट मत आहे, या फंदात पडू नका.

परवानगी आणि जागा

आमच्या राज्यात 2011 पासून नवीन बाहेरच्या लाकडी बॉयलरला नियम आहेत. फक्त प्रमाणित मॉडेल बसवता येतं, घरगुती आकाराचा बॉयलर शेजाऱ्याच्या हद्दीपासून 100 फुटांवर हवा (मोठ्या शेतजमिनींसाठी नियम थोडा वेगळा आहे), आणि धुराडं जमिनीपासून किमान 18 फूट उंच हवं. केंद्रातल्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) 2015 मध्ये देशभरासाठी मानकं आणली आणि मे 2020 पासून ती आणखी कडक झाली. त्यामुळे जुना, अप्रमाणित बॉयलर कुणी स्वस्तात देत असेल तर घेण्याआधी गावच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरकडे जा. राज्याचं काहीही असो, गाव स्वतःचा वेगळा नियम करू शकतं. वॉशिंग्टन राज्यात तर बाहेरच्या लाकडी बॉयलरला जवळपास वावच नाही. घराच्या विमा कंपनीलाही आधी लेखी कळवा.

जागा ठरवताना हिवाळ्यातला वारा कुठून येतो ते पाहा. धूर तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत गेला, तर वर्षानुवर्षांचे संबंध एका महिन्यात बिघडतात. आणि रात्री दहा वाजता, गुडघाभर बर्फात, हातात बॅटरी घेऊन तिथपर्यंत चालत जायचं आहे हेही लक्षात ठेवा. खाली चार इंची काँक्रीटचा ओटा घाला आणि दारासमोर थोडा जास्त वाढवा, म्हणजे उभं राहायला कोरडी जागा मिळते.

चर

आमच्या पहिल्या ठेकेदाराने स्वस्तातल्या नळ्या आणल्या होत्या. दोन पेक्स (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) नळ्या, त्यांना चंदेरी बुडबुड्यांच्या प्लास्टिकची गुंडाळी, आणि वरून काळा पन्हाळी पाइप. कागदावर छान दिसतं. मे महिन्यात आम्ही चर पुन्हा उकरला. काळा पाइप कापला तर आतून पाणी भळभळ वाहिलं. गुंडाळी गोधडीसारखी भिजून नळ्यांना चिकटली होती. जमिनीखालचं पाणी पाइपच्या टोकांतून आत शिरलं होतं. नळ्या त्या गार पाण्यात बुडून हिवाळाभर चालल्या.

तोटा किती होता, ते सांगतो. पाण्यातून किती उष्णता जाते, याचं साधं सूत्र आहे : मिनिटाला किती गॅलन, गुणिले 500, गुणिले तापमानातला फरक फॅरनहाइटमध्ये, उत्तर तासाला बीटीयू. आमचा प्रवाह मिनिटाला 8 गॅलन होता. बॉयलरपाशी नळी 180 अंश होती, तळघरात 171 (इथले सगळे अंश फॅरनहाइटच). म्हणजे 8 × 500 × 9, तासाला 36,000 बीटीयू फक्त जाताना गेले. परतीच्या नळीतले वेगळे. चांगल्या इन्सुलेशनच्या नळीत शंभर फुटांना फरक एखाद्या अंशाचा असतो.

म्हणून कारखान्यातच फोम भरून आलेली नळी घ्या : दोन्ही पेक्स नळ्यांभोवती भरीव बंदिस्त-पेशींचा फोम आणि बाहेर अखंड, पाणी न शिरणारं आवरण. पैसे कमी पडत असतील तर बॉयलर एक आकार लहान घ्या, पण या नळीत काटकसर करू नका. टोकांना मिळणाऱ्या रबरी टोप्या नक्की लावा, पाणी शिरतं ते तिथूनच.

खणण्याआधी तीन-चार कामाचे दिवस शिल्लक ठेवून 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या आखून देणाऱ्या सेवेला, फोन करा. फुकट येऊन ते तुमच्या अंगणातल्या सार्वजनिक विजेच्या, गॅसच्या, टेलिफोनच्या वाहिन्या रंगाने आखून देतात. घरमालकाने स्वतः टाकलेली प्रोपेनची नळी मात्र ते आखत नाहीत, ती तुम्हीच शोधायची.

चर दोन फूट खोल पुरे. इथली जमीन चार फुटांपर्यंत गोठते, पण नळीतलं पाणी हिवाळाभर फिरतंच असतं. खोलीपेक्षा उतार आणि निचरा महत्त्वाचा. पाणी साचणाऱ्या खोलगट जागेतून चर नेऊ नका. तळाशी वाळू पसरा, टोकदार दगड काढा. ज्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो तिथे खोल जा. त्याच चरात पंपासाठी विजेची तार वेगळ्या पीव्हीसी कंड्युटमधून टाका, निदान 18 इंच खोल. बुजवण्याआधी नळ्यांना दाब देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी काटा पाहा. जाणारी नळी दोन्ही टोकांना लाल टेपने आणि येणारी निळ्या टेपने गुंडाळा. पाच मिनिटांचं काम आहे, पण नळ्या एकदा गाडल्या की कोणती कोणती हे ओळखायला दिवस जातो.

नळीचा व्यास आणि पंप

घराला कडाक्याच्या थंडीत तासाला 80,000 बीटीयू लागत असतील आणि जाताना-येताना 20 अंशांचा फरक धरला, तर त्याच सूत्राने मिनिटाला 8 गॅलन हवेत. एक इंची पेक्समध्ये एवढा प्रवाह दर 100 फुटांना आठ-नऊ फूट हेड (पंपाचा जोर, पाण्याच्या उंचीत मोजलेला) खातो. बॉयलर 120 फुटांवर असेल तर जाऊन-येऊन 240 फूट, म्हणजे वीस फुटांच्या आसपास हेड, शिवाय कॉइल आणि एल्बो. सर्रास विकले जाणारे छोटे सर्क्युलेटर पंप इथे दम टाकतात. सव्वा इंची नळीत तोच तोटा निम्म्याहून कमी होतो. लांब अंतराला मोठा पंप लावण्यापेक्षा मोठी नळी घ्या; पंप हिवाळाभर चोवीस तास चालतो आणि वीज खातो.

पंप बॉयलरच्या मागे, खालच्या बाजूला लावा. उघड्या टाकीत दाब नसतो, पंपाच्या तोंडाशी जे काही ढकलणं मिळतं ते वरच्या पाण्याच्या वजनाचं. पंप उंचावर लावला तर खेचताना गरम पाण्याचे बुडबुडे होतात, पंप खडखडतो आणि लवकर मरतो. पंपाच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह हवेतच, नाहीतर पंप बदलायला सगळं पाणी काढावं लागेल, आणि पंप बिघडतो तो नेमका फेब्रुवारीत.

प्लेनममधली कॉइल

आता तळघर. फर्नेस जशी आहे तशी राहते, हे आधी मनात पक्कं करा. तिच्या बर्नरला, गॅसच्या नळीला, सुरक्षेच्या लिमिट स्विचला (फर्नेस फार तापली की बर्नर बंद करणारा) हात लावायचा नाही. आपण फक्त तिच्या वर एक कॉइल बसवतो आणि तिचा पंखा वापरतो. कॉइल म्हणजे गाडीच्या रेडिएटरसारखी : तांब्याच्या नळ्या, त्यांवर अॅल्युमिनियमचे पातळ पंख. आत गरम पाणी, मधून हवा.

ती बसवायची ती पुरवठ्याच्या प्लेनममध्ये, म्हणजे फर्नेसमधून गरम हवा निघते त्या बाजूच्या पत्र्याच्या पेटीत. काहीजण जागा सोपी म्हणून परतीच्या डक्टमध्ये बसवतात. ते चूक आहे. तिथे तापलेली हवा ब्लोअरच्या, म्हणजे फर्नेसच्या पंख्याच्या, मोटरवरून आणि मग फर्नेसच्या आतून जाते. या यंत्रांना एवढी गरम हवा आत घ्यायची सवय नसते, मोटर जळते आणि लिमिट स्विच वारंवार पडतो.

प्लेनम आतून मोजा आणि त्याला पूर्ण भरेल अशी कॉइल घ्या. लहान कॉइल बसवून उरलेली जागा पत्र्याने बंद केली तर हवेचा गळा आवळला जातो. बहुतेक फर्नेस बाहेरच्या अडथळ्यासाठी अर्धा इंच स्टॅटिक प्रेशर (हवेचा दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला) गृहीत धरून बनवलेल्या असतात. डक्ट, फिल्टर, एसीची कॉइल यांनी त्यातलं बरंचसं आधीच वापरलेलं असतं. कॉइल बसवण्याआधी आणि नंतर टेक्निशियनकडून प्रेशर मोजून घ्या. एवढ्याच कामाला बोलावलं तरी चालेल.

कॅटलॉगमधला आकडा 180 अंशांच्या पाण्यावरचा असतो, हेही विसरू नका. तुमच्या तळघरात पाणी 150 अंशांचं पोचत असेल, तर एक लाख बीटीयूची कॉइल पाऊण लाखाच्याही थोडी खालीच देते. चराचा विषय इथे पुन्हा येतो.

बसवताना मी असं केलं. ब्लोअरची वीज मुख्य पॅनलवर बंद केली. प्लेनमच्या समोरच्या बाजूला कॉइलच्या उंचीपेक्षा अर्धा इंच जास्त असा चौकोन आखला आणि पत्र्याच्या कात्रीने कापला. आत दोन बाजूंना अँगलच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या आणि कॉइल ड्रॉवरसारखी आत सरकवली. पंख नखाने दाबले तरी वाकतात, म्हणून पुठ्ठा लावूनच सरकवा. मग कापलेला पत्रा झाकण म्हणून परत लावला आणि प्रत्येक फट फॉइल टेपने बंद केली, साध्या कापडी टेपने नाही. ती उष्णतेने सुटते. पाणी खालून आत आणि वरून बाहेर असं जोडा, म्हणजे हवा अडकत नाही. सर्वांत उंच जागी हाताने उघडायचा एअर व्हेंट, सर्वांत खाली पाणी काढायचा कॉक, आणि कॉइलला बायपास करणारा व्हॉल्व्ह हवा. हा बायपास उन्हाळ्यासाठी आहे. अंघोळीच्या पाण्यासाठी बॉयलर चालू ठेवलात आणि कॉइलमधून पाणी वाहत राहिलं, तर एसी हवा गार करणार आणि कॉइल तीच तापवणार.

दोन थर्मोस्टॅट

आता विजेचं. तत्त्व साधं आहे : लाकडासाठी एक थर्मोस्टॅट, गॅससाठी दुसरा. जुना गॅसचा थर्मोस्टॅट आहे तसा ठेवा आणि 64 अंशांवर लावा. त्याच्या शेजारी नवीन बसवा, तो 70 वर. लाकडाच्या थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की फर्नेसचा फक्त पंखा चालू होतो, बर्नर नाही. हवा गरम कॉइलमधून जाते आणि घर तापतं. बॉयलरमधला विस्तव विझला, तुम्ही लग्नाला न्यू जर्सीला गेलात, तर घर 64 पर्यंत उतरतं आणि फर्नेस नेहमीसारखी स्वतःच्या आगीवर चालू होते. नळ्या गोठत नाहीत.

फर्नेसच्या बोर्डवर अक्षरं असतात : आर म्हणजे 24 व्होल्टची वीज, डब्ल्यू म्हणजे उष्णता, जी म्हणजे पंखा, वाय म्हणजे एसी. आर आणि जी जोडले की पंखा फिरतो. त्यामुळे लोक नवीन थर्मोस्टॅटची तार थेट जी ला जोडतात. इथे धोका आहे. जुन्या थर्मोस्टॅटचीही जी तार तिथेच आहे, आणि काही थर्मोस्टॅटमध्ये जी आणि वाय आतून जोडलेले असतात. मग वीज उलटी जाते आणि ऐन जानेवारीत एसीचा कॉम्प्रेसर सुरू होऊ शकतो. म्हणून मधे रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) लावा. नवीन थर्मोस्टॅटने फक्त रिले ओढायचा, जी चालू करायचं काम रिलेचं. आणि जुन्या थर्मोस्टॅटची जी तार त्याच रिलेच्या दुसऱ्या संपर्कातून न्यायची, म्हणजे दोघं एकमेकांना दिसतच नाहीत.

या सर्किटमध्ये आणखी एक वस्तू टाका : नळीला पट्ट्याने बांधायचा अॅक्वास्टॅट, म्हणजे पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच. तो 130 अंशांवर लावा. कॉइलकडे जाणारं पाणी त्याहून गार असेल तर अॅक्वास्टॅट सर्किट तोडतो आणि पंखा सुरूच होत नाही. तो नसेल तर पहाटे विस्तव मंदावल्यावर पंखा तासन्‌तास गार हवा घरभर फेकत राहतो, आणि बिछान्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ती आधी जाणवते.

नव्या, डिजिटल भाषेत बोलणाऱ्या फर्नेसना अशी सुटी अक्षरं नसतात. त्या घरी टेक्निशियन बोलवा. आणि 24 व्होल्ट म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच डब्यात 120 व्होल्टही असतात.

अंघोळीचं पाणी

वॉटर हीटरच्या थंड पाण्याच्या नळीवर लहान प्लेट एक्स्चेंजर लावला की अंघोळीचं पाणीही लाकडावर होतं. घरात शिरणारं गरम पाणी आधी या प्लेटमधून, मग कॉइलकडे, असा क्रम ठेवा. इथे एकच सक्ती आहे : पुढे मिक्सिंग व्हॉल्व्ह लावायचा, 120 अंशांवर. प्लेटमधून पाणी 160-170 अंशांनी येऊ शकतं. 140 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं, त्याच्यापुढचं एका सेकंदात. बंबाच्या पाण्यात आपण विसण घालायचो. इथे ते काम हा व्हॉल्व्ह करतो, आणि घरात लहान मूल असेल तर तो नसताना बॉयलर चालू करू नका.

पाणी भरणं आणि पहिला जाळ

टाकी खालच्या कॉकमधून भरा, म्हणजे हवा वर ढकलली जाते. खुणेपर्यंतच भरा, तापल्यावर पाणी तीनेक टक्क्यांनी फुगतं. त्यात बॉयलर बनवणाऱ्याने सांगितलेलं गंजरोधक रसायन मापाने घाला. उघड्या टाकीत हवेतला प्राणवायू सतत मिसळत असतो आणि साधं पोलाद आतून गंजतं. हे बॉयलर बहुधा आगीने मरत नाहीत, पाण्याने मरतात. वर्षातून निदान एकदा बाटलीत नमुना भरून तपासायला पाठवा. बरेच उत्पादक ही तपासणी करून देतात आणि ती नसेल तर हमी नाकारतात.

पहिला जाळ बारीक सरपणाने लावा. आतल्या भिंतींना घाम फुटेल, राखेत पाणी टपकेल. ती गळती नाही. गार पोलादावर धुरातली वाफ थिजते. पाणी 150 च्या वर गेलं की ते थांबतं. तोवर घराकडे उष्णता खेचू नका. परतीचं पाणी 140 च्या खाली येऊ न देणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह लावलात तर हा घाम आणि त्यातून होणारा गंज कायमचा आटोक्यात राहतो. एअर व्हेंटमधली फुसफुस थांबेपर्यंत हवा काढत राहा.

दार उघडताना एकदम उघडायचं नाही. बायपास डँपर (धूर थेट धुराड्यात सोडणारी झडप) उघडा, दार बोटभर किलकिलं करून दहा-पंधरा सेकंद थांबा, तोंड बाजूला ठेवा, मग उघडा. आत साठलेल्या वायूला अचानक हवा मिळाली की ज्वाला बाहेर झेपावते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या दूधवाल्या शेतकऱ्याने मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, माझा कोपर धरून, दोनदा करून दाखवून.

लाकूड

फोडलेलं लाकूड वरून झाकून, बाजूंनी उघडं ठेवून वाळवा. ओलावा 20 टक्क्यांच्या आसपास हवा. वीस-पंचवीस डॉलरचा ओलावामापक घ्या आणि ओंडका तिथेच फोडून आतल्या ताज्या अंगाला टोचा; बाहेरून मोजलेलं खोटं असतं. ओकला दोन उन्हाळे लागतात. अॅश लवकर वाळतं, आणि दुर्दैवाने ते सध्या मुबलक आहे. एमराल्ड अॅश बोअरर नावाचा हिरवा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला, 2009 मध्ये आमच्या राज्यात, आणि तेव्हापासून जंगलंच्या जंगलं उभी वाळली. म्हणूनच इथे प्रक्रिया न केलेलं जळाऊ लाकूड 50 मैलांपलीकडे न्यायला बंदी आहे. लाकूड जवळचंच घ्या. रंगवलेलं, प्रक्रिया केलेलं लाकूड, प्लास्टिक, कचरा यातलं काहीही आत टाकू नका. त्याचा धूर विषारी असतो आणि तो आपल्याच मुलांच्या खेळण्याच्या जागेवर उतरतो.

वीज गेली तर

जानेवारी 1998 च्या गोठणाऱ्या पावसाच्या वादळात या भागात कित्येक घरांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज गेली की पंप थांबतो, फर्नेसचा पंखा थांबतो, आणि बाहेर 200 गॅलन तापलेलं पाणी जागच्या जागी उभं राहतं. भारनियमन पाहिलेल्या माणसाला उपाय सांगायला नको : इन्व्हर्टर आणि बॅटरी. पंपाला शंभरेक वॅट पुरतात, पंख्याला चार-पाचशे. निदान पंप तरी बॅटरीवर ठेवा, म्हणजे चरातल्या नळ्या गोठणार नाहीत. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. लाकूड बाहेर जळत असलं तरी गॅसची फर्नेस आतच आहे.

राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच काढा आणि बादली काँक्रीटवर ठेवा. वरून पांढरी दिसणारी राख तीन-चार दिवसांनीही आत लाल असू शकते.

मे महिन्यात शेवटचा जाळ विझला की भिंतींवरचा काळा डांबरासारखा थर खरवडून काढा, राख पूर्ण उपसा; राख दमट हवेतलं पाणी शोषते आणि पोलाद खाते. धुराड्यावर टोपी घाला. पाणी टाकीत तसंच राहू द्या, रसायनासकट. मग एकदा चरावरून चालत जा. माती खचली असेल तिथे भर घाला, आणि बेसमेंटच्या भिंतीत नळी शिरते त्या जागेला हात लावून पाहा. ओल लागली तर उन्हाळ्यातच दुरुस्त करून घ्या.